विश्लेषण : ‘रोग वन’वर चाहते खूश, मग एका चेहऱ्यावरून एवढा वाद का?

कॅरी फिशर यांची लेया संगणकाच्या मदतीने पुन्हा पडद्यावर उभी करण्याचा आमचा कोणताही विचार नाही, असे निवेदन ‘लुकासफिल्म’ने १३ जानेवारीला प्रसिद्ध केले. आपण काय करणार नाही, हे एखाद्या चित्रपट कंपनीला चाहत्यांना उद्देशून जाहीर करावे लागते, असे क्वचितच घडते. फिशर यांचे निधन २७ डिसेंबरला झाले. त्यांच्या डिजिटल प्रतिमेसाठी बोलणी सुरू असल्याच्या बातम्या त्यानंतर पसरल्या आणि चाहते अस्वस्थ झाले. या बातम्यांवर लोकांनी सहज विश्वास ठेवला, कारण असा प्रयोग त्यांनी जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी डोळ्यांनी पाहिला होता. १६ डिसेंबरला प्रदर्शित झालेल्या ‘रोग वन : अ स्टार वॉर्स स्टोरी’मध्ये १९९४ साली निधन झालेले ब्रिटिश अभिनेते पीटर कुशिंग चालताबोलताना दिसतात.

अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत साडेपंधरा कोटी डॉलर मिळवणारा हा चित्रपट जानेवारी २०१७ मध्ये जगभरात १०० कोटी डॉलरच्या उंबरठ्यावर होता. ‘स्टार वॉर्स’च्या जुन्या चाहत्यांना तो आवडला आहे. काहींनी तर त्याला मूळ त्रयीच्या रांगेत नेऊन बसवले. तरीही सगळ्यात लांबलेली चर्चा कुशिंग यांच्या चेहऱ्याचीच होती. (चित्रपट अजून पाहिला नसेल तर सावधान, पुढे शेवट सांगितला आहे.)

हा ‘स्पिन-ऑफ’ काय प्रकार आहे?

‘स्टार वॉर्स’ची मुख्य मालिका १९७७ मध्ये सुरू झाली. २०१५ च्या ‘द फोर्स अवेकन्स’पर्यंत तिचे सात भाग झाले आणि या सगळ्यांच्या केंद्रस्थानी स्कायवॉकर कुटुंब आहे. डिस्नेने २०१२ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून लुकासफिल्म विकत घेतली. एवढा पैसा वसूल करायचा तर दोन-तीन वर्षांनी एक चित्रपट परवडणारा नव्हता. म्हणून एक वर्ष मुख्य मालिकेतील भाग आणि पुढच्या वर्षी त्याच विश्वातील एखादी सुटी गोष्ट, असे वेळापत्रक ठरले. महाभारतातले एखादे उपकथानक उचलून त्यावर स्वतंत्र कादंबरी लिहावी, तसा हा प्रकार. ‘रोग वन’ हा त्यातला पहिला चित्रपट.

त्याची कल्पना लेखकाच्या टेबलावर सुचलेली नाही. ती जॉन नॉल यांची. ते ‘इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक’ (आयएलएम) या लुकासफिल्मच्या स्पेशल इफेक्ट्स कंपनीत त्या वेळी व्हिज्युअल इफेक्ट्सचे प्रमुख होते. (भाऊ थॉमस यांच्यासोबत ‘फोटोशॉप’ बनवणारे नॉल ते हेच.) १९७७ च्या चित्रपटाच्या सुरुवातीला अंतराळात सरकत जाणाऱ्या पिवळ्या मजकुरात एक उल्लेख येतो. बंडखोरांच्या हेरांनी साम्राज्याच्या ‘डेथ स्टार’ या महासंहारक अंतराळ केंद्राचे आराखडे पळवले आहेत, असा. ते हेर कोण होते आणि त्यांनी हे कसे साधले, याची गोष्ट नॉल यांनी रचली. गॅरेथ एडवर्ड्स यांनी तिचा चित्रपट केला.

३९ वर्षांच्या चेष्टेला उत्तर

या चाहत्यांनी एका गोष्टीवरून आपल्याच लाडक्या चित्रपटाची वर्षानुवर्षे टिंगल केली आहे. अख्खा ग्रह उडवू शकणारे डेथ स्टार कोसळते कसे, तर उष्णता बाहेर टाकण्यासाठी ठेवलेल्या जेमतेम दोन मीटर रुंदीच्या एका भोकामुळे. त्यातून आत गेलेला टॉर्पिडो थेट रिअ‍ॅक्टरपर्यंत पोहोचतो आणि खेळ खलास. एवढ्या अवाढव्य प्रकल्पाचा आराखडा कुणी तपासलाच नाही का, हा प्रश्न अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही पडेल. अमेरिकी सरकारने डेथ स्टार बांधावे, अशी गमतीची याचिका ३४ हजारांहून अधिक लोकांनी २०१२ मध्ये व्हाइट हाऊसकडे केली होती. जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या तितक्याच गमतीदार उत्तरात खर्चाच्या आकड्याबरोबर हाही मुद्दा होता. एका माणसाच्या यानाने नष्ट होऊ शकेल अशा वस्तूवर करदात्यांचा पैसा का घालवायचा?

‘रोग वन’ने या विनोदाची शोकांतिका केली. गॅलन अर्सो या शास्त्रज्ञाला साम्राज्य जबरदस्तीने कामाला जुंपते. आपण नकार दिला तरी हे शस्त्र आपल्याशिवाय पूर्ण होईलच, हे त्याला कळते. म्हणून तो काम पत्करतो आणि रिअ‍ॅक्टरमध्ये मुद्दाम एक कच्चा दुवा ठेवतो. त्याची मुलगी जिन हा निरोप बंडखोरांपर्यंत पोहोचवते. म्हणजे चाहते ज्याला पटकथेतली चूक समजत होते ती एका बापाची घातपाती योजना होती. काही चिकित्सक चाहत्यांनी यातही खुसपट काढलेच. गॅलनने रिअ‍ॅक्टर कमकुवत ठेवला, पण ते दोन मीटरचे भोक त्यानेच ठेवले असे चित्रपट कुठेही म्हणत नाही, असा त्यांचा मुद्दा. तो बरोबर आहे. पण अशा तपशिलावर रात्र रात्र वाद घालता येणे हीसुद्धा चाहत्यांच्या दृष्टीने मेजवानीच.

शेवट आधीच माहीत, तरी भारावले

आराखडे बंडखोरांच्या हाती लागणार हे १९७७ पासून जगाला ठाऊक आहे. जिन आणि तिच्या साथीदारांचे नाव नंतरच्या एकाही चित्रपटात येत नाही, त्यामुळे ते वाचणार नाहीत याचाही अंदाज होता. तरीही डिस्नेसारखी कंपनी मुख्य टोळीतील प्रत्येकाला खरोखर मरू देईल, असे अनेकांना वाटले नव्हते. जिन, कॅसियन, अंध योद्धा चिरुट, त्याचा मित्र बेझ, वैमानिक बोधी, अगदी के-टूएसओ हा तिरकस बोलणारा यंत्रमानवही, एकेक करून सगळे जातात. पावनखिंडीची गोष्ट ऐकणाऱ्याला बाजीप्रभू परतणार नाहीत हे माहीत असते, तरी विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत जीव टांगणीला लागतोच. ‘रोग वन’चा शेवटचा पाऊण तास साधारण त्याच ताणावर चालतो.

त्यानंतर येतो डार्थ व्हेडर. अंधाऱ्या बोळात लाल तलवार पेटते, बंडखोर सैनिक कापले जातात आणि आराखड्यांची तबकडी अडकलेल्या दाराच्या फटीतून कशीबशी पुढे सरकते. निर्मितीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात जोडलेल्या या प्रसंगावर चाहत्यांनी जितक्या शिट्ट्या वाजवल्या, तितक्या संपूर्ण चित्रपटावर वाजवल्या नसतील. व्हेडरला पूर्वीप्रमाणेच जेम्स अर्ल जोन्स यांचा आवाज आहे. तो त्यांनी वयाच्या ८५ व्या वर्षी दिला.

आणखी एका गोष्टीचे स्वागत झाले. कॅसियनची भूमिका करणाऱ्या दिएगो लुना यांनी आपला मेक्सिकन उच्चार तसाच ठेवला आहे. नायक आपल्यासारखेच बोलतो हे पाहून हरखलेल्या एका मेक्सिकन गृहस्थांबद्दल त्यांच्या मुलीने लिहिलेला मजकूर जानेवारी २०१७ मध्ये जगभर फिरला आणि लुना यांनी तो स्वतःही लोकांपुढे ठेवला. डॉनी येन, जियांग वेन, पाकिस्तानी वंशाचे ब्रिटिश अभिनेते रिझ अहमद अशी ही टोळी आहे. इतके वेगवेगळे चेहरे या मालिकेत एकत्र पूर्वी दिसले नव्हते.

सगळेच खूश आहेत का?

नाही. पहिला तास एका ग्रहावरून दुसऱ्यावर इतक्या उड्या मारतो की कोण कुठे आहे हे लक्षात ठेवताना दमछाक होते, ही तक्रार रास्त आहे. जिनचा स्वभाव नीट उलगडत नाही, हीदेखील. सुरुवातीचा तो सरकता मजकूर यावेळी नाही, त्यामुळे काहींना चुकल्यासारखे वाटले. जॉन विल्यम्स यांच्याऐवजी संगीत मायकेल जियाकिनो यांचे आहे आणि त्यांना त्यासाठी जेमतेम साडेचार आठवडे मिळाले. उन्हाळ्यात चित्रपटाचा बराच भाग टोनी गिलरॉय यांच्या मदतीने नव्याने चित्रित झाला. परिणामी ट्रेलरमधील कितीतरी दृश्ये प्रत्यक्ष चित्रपटात नाहीतच. आराखडे घेऊन समुद्रकिनाऱ्यावर धावणारी जिन ट्रेलरमध्ये पाहिली होती, ती गेली कुठे, याचा शोध त्या वेळी चालू होता.

प्रदर्शनाच्या तोंडावर बहिष्काराची हाकही देण्यात आली होती. नव्याने चित्रित केलेल्या दृश्यांत ट्रम्पविरोधी मजकूर घुसवला असल्याचा आरोप झाला. पटकथाकार ख्रिस वाइट्झ यांनी तो फेटाळला आणि तिकीट खिडकीवरचे आकडे पाहता त्या हाकेचा परिणाम नगण्यच म्हणावा लागेल. भारतात मात्र पुढच्याच शुक्रवारी ‘दंगल’ आला, त्यामुळे आपल्याकडची चर्चा तिकडे वळली.

टार्किन परत आला कसा?

ग्रँड मॉफ टार्किन हा डेथ स्टारचा प्रमुख. १९७७ मध्ये ही भूमिका कुशिंग यांनी अशा थंड अधिकाराने केली होती की व्हेडरसुद्धा त्याच्यापुढे दुय्यम वाटे. (गणवेशासोबतचे बूट पायाला होत नसल्याने त्यांनी बरीच दृश्ये घरच्या सपाता घालून केली आणि कॅमेरा गुडघ्यांच्या वर ठेवावा लागला, हा किस्सा चाहत्यांत प्रसिद्ध आहे.) डेथ स्टारची जन्मकथा टार्किनशिवाय सांगणे अवघडच होते.

आयएलएमने त्यासाठी गाय हेन्री या ब्रिटिश अभिनेत्याला घेतले. उंची, बांधा आणि बोलण्याची ढब कुशिंग यांच्या जवळ जाणारी. सेटवर टार्किनच्या गणवेशात हेन्रीच होते, संवादही त्यांनीच म्हटले. त्यांच्या डोक्यावरील पट्ट्याला चेहऱ्याकडे रोखलेले छोटे कॅमेरे बसवले होते. या कॅमेऱ्यांनी त्यांच्या स्नायूंची प्रत्येक हालचाल टिपली. ती हालचाल मग संगणकात बनवलेल्या कुशिंग यांच्या त्रिमित चेहऱ्याला ‘चालवण्यासाठी’ वापरली गेली. चेहऱ्याची मापे घेताना एक अनपेक्षित वस्तू कामी आली. १९८४ च्या ‘टॉप सीक्रेट!’ या विनोदी चित्रपटासाठी कुशिंग यांच्या चेहऱ्याचा साचा घेतला होता, तो मिळाला.

खरी डोकेदुखी पुढे होती. हेन्रींच्या चेहऱ्याची हालचाल जशीच्या तशी उतरवली की कुशिंग यांचा मुखवटा घातलेले हेन्री दिसत. म्हणून अ‍ॅनिमेटरांनी जुने चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहिले आणि कुशिंग यांच्या लकबी हाताने बसवल्या. ठरावीक स्वर उच्चारताना कुशिंग वरचा ओठ हलवत नसत, इतक्या बारीक गोष्टी त्यात होत्या. प्रकाशानेही छळले. १९७७ सारखा प्रकाश टाकला की चेहरा अधिक ‘कुशिंग’ वाटे, पण मग तो शेजारी उभ्या असलेल्या खऱ्या नटांपासून वेगळा पडे. हे सगळे फसले असते तर टार्किनला फक्त होलोग्राममध्ये दाखवायचे किंवा त्याचे संवाद दुसऱ्या पात्राला द्यायचे, अशी पर्यायी तयारीही होती.

शेवटच्या प्रसंगातील तरुण लेया याच पद्धतीने साकारली आहे. नॉर्वेच्या अभिनेत्री इंगविल्ड डेइला यांच्या देहबोलीवर फिशर यांचा १९७७ मधील चेहरा आणि तोंडी फिशर यांच्याच जुन्या ध्वनिमुद्रणातील एक शब्द.

मग खटकले काय?

पहिले उत्तर तांत्रिक आहे. टोकियोतील संशोधक मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडले होते की, यंत्रमानव माणसासारखा दिसू लागतो तसा तो आपल्याला अधिकाधिक आवडतो, पण ‘जवळपास माणूस’ या टप्प्यावर आवड एकदम कोसळते आणि शिसारी वाटते. याला ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणतात. टार्किनचे डोळे आणि तोंडाभोवतीची कातडी पाहताना बऱ्याच जणांना नेमके हेच जाणवले. व्हिडीओ गेममधील पात्र चुकून चित्रपटात शिरले, असे शेरे त्यातूनच आले.

पण एवढ्यावर हा वाद भागत नाही. कुशिंग कोण हे माहीतच नसलेल्या कित्येक प्रेक्षकांना काहीही वावगे दिसले नाही. खटकले ते त्यांना ओळखणाऱ्यांना. जुन्यातल्या जुन्या चाहत्यांनी आक्षेप घ्यावा हे वरवर विचित्र वाटते, कारण हा खटाटोप त्यांना खूश करण्यासाठीच होता.

याच चित्रपटात जुनी पात्रे आणखी दोन मार्गांनी परत आली आहेत. बंडखोरांची नेता मॉन मॉथमा १९८३ च्या चित्रपटात कॅरोलाइन ब्लॅकिस्टन यांनी केली होती, इथे ती जेनेव्हिव्ह ओ’रायली यांनी केली आहे. कुणीही तक्रार केली नाही. डॉ. श्रीराम लागूंनंतर दत्ता भटांनी ‘नटसम्राट’ केला, २०१६ मध्ये पडद्यावर नाना पाटेकरांनी केला. भूमिका पुढच्या नटाकडे जाते, यात नाटक-सिनेमा पाहणाऱ्या कुणालाच काही वाटत नाही. खुद्द टार्किनही २००५ मध्ये वेन पायग्रॅम या दुसऱ्या अभिनेत्याने रंगभूषा करून क्षणभर साकारला होता.

दुसरा मार्ग आणखी मजेशीर आहे. शेवटच्या लढाईत ‘रेड लीडर’ हा वैमानिक दिसतो. ते ड्रू हेन्ली. त्यांचे निधन फेब्रुवारी २०१६ मध्ये झाले. त्यांचे इथे दिसणारे तुकडे १९७७ च्या चित्रपटासाठी चित्रित झालेले, पण तेव्हा न वापरलेले. ते जपून ठेवले होते, तेच नव्या दृश्यांत बेमालूम बसवले. म्हणजे दिवंगत अभिनेता इथेही पडद्यावर आहे आणि चाहत्यांनी त्याचे टाळ्यांनी स्वागत केले. फरक असा की, हेन्ली यांनी ते काम खरेच केले होते. कॅमेऱ्यासमोर बसून ते वाक्य त्यांनी म्हटले होते. कुशिंग यांनी ‘रोग वन’मधला एकही संवाद म्हटलेला नाही, ती पटकथा वाचलेली नाही, ती भूमिका स्वीकारलेली वा नाकारलेली नाही. अभिनयाचा निर्णय हेन्री, अ‍ॅनिमेटर आणि दिग्दर्शकाचा, श्रेय मात्र प्रेक्षकाच्या मनात कुशिंग यांना. ही अदलाबदल चाहत्यांनी नेमकी हेरली आहे.

बचाव करणारे ‘फास्ट अँड फ्युरिअस ७’चे उदाहरण देतात. पॉल वॉकर यांचा २०१३ मध्ये अपघाती मृत्यू झाला तेव्हा चित्रीकरण अर्धवट होते. त्यांचे भाऊ उभे राहिले आणि संगणकाने वॉकर यांचा चेहरा बसवला. ‘ग्लॅडिएटर’च्या वेळी ऑलिव्हर रीड यांच्याबाबतही असेच झाले होते. पण त्या दोघांनी ते चित्रपट स्वीकारले होते आणि राहिलेले काम इतरांनी पुरे केले. कुशिंग यांच्या निधनानंतर २२ वर्षांनी आलेल्या चित्रपटाला हे उदाहरण लागू पडत नाही.

परवानगी घेतली होती ना?

हो. कुशिंग यांच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांची संमती घेतली होती आणि त्यांच्या सूचनांनुसार चेहऱ्यात बदलही केल्याचे नॉल यांनी सांगितले आहे. हा प्रकार खर्चीक आणि किचकट असल्याने सर्रास होणार नाही, असेही त्यांचे म्हणणे आहे. फिशर यांना तर तयार झालेले दृश्य दाखवण्यात आले होते आणि त्या खूश होत्या.

कायदा मात्र देशागणिक बदलतो. कॅलिफोर्नियात प्रसिद्ध व्यक्तीच्या नाव-चेहऱ्यावरचा हक्क मृत्यूनंतर ७० वर्षे वारसांकडे राहतो. कुशिंग ज्या देशाचे त्या ब्रिटनमध्ये चेहऱ्यावर असा स्वतंत्र हक्कच नाही. भारतात मद्रास उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रजनीकांत यांच्या बाजूने निकाल देताना नाव आणि प्रतिमेवरील हक्क मान्य केला, पण ते हयात आहेत. मृत्यूनंतरच्या हक्काबाबत आपल्याकडे वेगळा कायदा नाही.

आणि वारसांनी दिलेली परवानगी म्हणजे त्या कलावंताची परवानगी असे धरायचे का? नृत्यसम्राट फ्रेड अ‍ॅस्टेअर १९८७ मध्ये गेले. १९९७ मध्ये एका जाहिरातीत त्यांना व्हॅक्यूम क्लीनर हातात घेऊन नाचताना दाखवले. पत्नीने परवानगी दिली होती, मुलीला मात्र ते पाहून वाईट वाटले. २०१४ मध्ये निधन झालेले रॉबिन विल्यम्स याबाबत सावध होते. आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षे, म्हणजे २०३९ पर्यंत, आपली प्रतिमा वापरू नये अशी तजवीज त्यांनी आधीच करून ठेवली. हॉलीवूडचे वकील आता इतर अभिनेत्यांनाही असाच सल्ला देऊ लागले तर नवल नाही. कुशिंग यांच्या काळात कुणाला हे सुचण्याचे कारणच नव्हते.

आता पुढे काय?

फिशर यांनी मुख्य मालिकेच्या आठव्या भागाचे आपले काम पूर्ण केले होते. तो डिसेंबर २०१७ मध्ये आला. नवव्या भागात मात्र लेयाचे काय करायचे हा पेच होता आणि १३ जानेवारीच्या निवेदनाने त्यातील एक वाट बंद केली. निधनाची बातमी आल्यावर ‘रोग वन’ दुसऱ्यांदा पाहायला गेलेल्यांना तो शेवटचा प्रसंग वेगळाच भिडला. आधी ज्या चेहऱ्याला प्लॅस्टिकचा म्हणून हसले, त्याच चेहऱ्यापाशी आता डोळे पाणावत होते.

पुढचा स्पिन-ऑफ मे २०१८ मध्ये आला. तो तरुण हान सोलोवर आहे. ही भूमिका अजरामर करणारे हॅरिसन फोर्ड जानेवारी २०१७ मध्ये ७४ वर्षांचे होते, त्यांचा तरुण चेहरा संगणकात बनवण्याइतके जुने चित्रीकरण हाताशी होते आणि हो-नाही सांगायला ते स्वतः हजर होते. तरीही लुकासफिल्मने एल्डन एरेनरायक या नव्या अभिनेत्याची निवड केली. तो फोर्डसारखा अजिबात दिसत नाही, ही चाहत्यांची कुरकुर चित्रीकरण सुरू होण्याआधीच सुरू झाली होती.